दोघांचं जमतं, तिसरा आला की...

चाकणला मीटिंग अर्ध्या तासाची असते आणि रस्ता दोन तासांचा. मोशीपर्यंत माणूस आशेवर असतो. आळंदी फाट्याला तो फोन काढून ‘पाच मिनिटांत पोचतो’ असं खोटं बोलतो. तळेगाव चौकात खोटं बोलायचंही सोडून देतो.

बजाजनं १९९९ साली चाकणला कारखाना काढला, फोक्सवॅगननं २००९ साली. रस्त्यानं अजून कांद्याच्या बाजाराचाच हिशेब धरलाय.

व्हिडिओ मीटिंगचा शोध चाकणमध्ये लागला नाही, हेच नवल.

करोनापूर्वी ‘व्हीसी’, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, ही सरकारी चीज होती. कलेक्टरसाहेबांची व्हीसी म्हटलं की तहसीलदार हातातला घास ठेवून उठायचे. आज भोसरीतला आठ मशिनवाला शेठही व्हीसी घेतो. घास मात्र ठेवत नाही. कॅमेरा बंद ठेवतो.

अशाच एका शेठचा, म्हणजे आमच्या जुन्या मित्राचा, मध्यंतरी फोन आला. गुरुवार होता. गुरुवारी भोसरीला सुट्टी, त्यामुळे शेठना विचार करायला वेळ असतो. बाकीचे सहा दिवस ते सुखी असतात.

फुकटच्या ॲपवर चाळीस मिनिटांनी मीटिंग तुटते, याचा त्यांना वैताग आला होता. आणि तुटते ती नेमकी पेमेंटचा विषय निघाला की. यात ॲपचा हात नसावा. अडतिसाव्या मिनिटाला पेमेंटचा विषय येऊ द्यायचा, ही समोरच्या पार्टीची कला.

‘‘आपला स्वतःचा सर्व्हर टाकतोय,’’ शेठ म्हणाले. ‘‘ओपन सोर्स. एकदम फुकट.’’

यातलं ‘ओपन सोर्स’ खरं होतं.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे भोसरीकराला समजावणं सोपं. जॉबबरोबर ड्रॉइंगही हातात मिळतं. हवं तर बदला, हवं तर दुसऱ्याकडून करून घ्या, कुणाला विचारायला नको. बाजारातली नेहमीची ॲप्स म्हणजे वेल्डिंग मारून बंद केलेला डबा. आत काय चाललंय ते विचारायचं नाही, महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं. पण ड्रॉइंग हातात आलं म्हणून जॉब आपोआप तयार होतो का? मशिन लागतं, मटेरियल लागतं, ऑपरेटर लागतो. हे शेठ स्वतःच्या गिऱ्हाइकांना रोज ऐकवतात.

स्वतःला ऐकवायचं तेवढं राहिलं.

शेठनी पसंत केलं ते जित्सी. २००३ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह नावाच्या बल्गेरियन विद्यार्थ्यानं हे काम सुरू केलं. नावही बल्गेरियनच, अर्थ ‘तारा’. आकाशातल्या नव्हे, विजेच्या. २०१५ साली ॲटलासियन कंपनीनं ते घेतलं, २०१८ साली एट बाय एट कंपनीनं. फुकट वाटल्या जाणाऱ्या मालाला दोनदा गिऱ्हाईक मिळालं, यावरून तरी शेठनी काही ओळखायचं होतं.

दुसरा पर्याय बिगब्लूबटन. हे कॅनडात, ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात २००७ साली सुरू झालं. मुळात वर्गात शिकवण्यासाठी केलेलं, त्यामुळे फळा, मतदान, मुलांचे गट असा सगळा संसार त्यात आहे. त्याला सोळा जीबी रॅम आणि आठ कोअर लागतात म्हणे. शेठनी ते बटण दाबलंच नाही.

आता आयटीचा पोरगा. हा प्रत्येक कारखान्यात असतो. टॅली तो बघतो, बायोमेट्रिक तो बघतो, सीसीटीव्ही तो बघतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तोच काढतो आणि वहिनींच्या मोबाइलमधले लग्नाचे फोटो लॅपटॉपवर तोच घेतो. पगार मात्र एकाच माणसाचा. त्यानं दोन व्हिडिओ बघितले आणि सांगितलं, ‘‘सर, पंधरा मिनिटांचं काम आहे.’’

खोटं नव्हतं. उबुंटू असलेल्या मशिनवर चार-सहा ओळी टाईप केल्या की जित्सी उतरतं. पंधरा मिनिटांत उतरलंही.

चालायला सतरा दिवस लागले.

पहिली अडचण कुलपाची. ब्राउझर साध्या पत्त्यावर कॅमेरा देतच नाही, त्याला ‘एचटीटीपीएस’चा पत्ता लागतो. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्रासाठी डोमेनचं नाव. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था हे प्रमाणपत्र फुकट देते, नव्वद दिवसांचं. आपल्याकडे कुठलंही प्रमाणपत्र मिळवायलाच नव्वद दिवस जातात. ते संपतं कधी, हे बघायची सवयच नाही.

दुसरी अडचण पत्त्याची. कारखान्यात ब्रॉडबँड होतं, पण बाहेरच्या जगाला सापडेल असा त्याचा स्वतःचा पत्ता नव्हता. एका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवायची, ही स्वस्त ब्रॉडबँडची रीतच आहे. चाळीसारखं. पोस्टमन चाळीपर्यंत येतो, खोली सापडत नाही. मग स्थिर आयपी विकत घेतला.

फुकटच्या सर्व्हरचं पहिलं बिल तिथं फाटलं.

मग ती ऐतिहासिक चाचणी. शेठ केबिनमध्ये, पोरगा स्टोअरमध्ये. चेहरा दिसला, आवाज आला, अगदी स्वच्छ. पेढे मागवले गेले. पेढे घेऊन चिरंजीव आले आणि हौसेनं तेही आपल्या मोबाइलवरून मीटिंगमध्ये शिरले.

तिघांचेही पडदे काळे.

चिरंजीव बाहेर पडले, दोघं पुन्हा दिसायला लागले. चिरंजीव आत आले, पुन्हा अंधार. तीनदा करून बघितलं. शेठनी मुलाकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. अर्थात, पोरगं धंद्यात उतरल्यापासून ते तसंच पाहतात.

यात भुताटकी काही नव्हती. जित्सीत दोघंच असले की ते एकमेकांशी थेट बोलू शकतात. सर्व्हर फक्त गाठ घालून देतो, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. तिसरा आला की सगळ्यांची चित्रं सर्व्हरवरच्या ‘व्हिडिओब्रिज’वरून, म्हणजे पुलावरून, जायला लागतात. या पुलाचा रस्ता १०००० क्रमांकाच्या यूडीपी पोर्टमधून जातो. राउटरवर ते पोर्ट बंद असलं, किंवा स्वतःचा बाहेरचा पत्ता काय हेच सर्व्हरला माहीत नसलं, तर पूल उभा असतो आणि रस्ता नसतो.

पूल आहे, रस्ता नाही. पिंपरी-चिंचवडकराला यापुढे काय समजवायचं?

हा सर्व्हर टाकणारे जगभरचे नवशिके या तिसऱ्या माणसापाशी अडखळतात. भागीदारीत तरी वेगळं काय होतं म्हणा.

पोर्ट उघडलं. तिघं दिसले, पाच दिसले. दहा जण बसले तेव्हा चित्रं दगडासारखी थिजली. इथं शाळेतला गुणाकार उपयोगी पडतो. हा पूल चित्रं एकत्र कालवत नाही, नुसती पुढे ढकलतो. दहा जण आपापलं एकेक चित्र सर्व्हरला देतात आणि सर्व्हर प्रत्येकाला बाकीच्या नऊ जणांची चित्रं देतो. नव्वद प्रवाह. प्रत्येकी अर्धा एमबीपीएस धरला तरी पंचेचाळीस, आणि तेही कारखान्यातून बाहेर जाण्याच्या दिशेला. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा आत येण्याच्या दिशेचा असतो. बाहेर जाण्याचा आकडा विचारला की विक्रेता चहा मागवतो.

मग रेकॉर्डिंग हवं झालं. कस्टमर कबूल करतो आणि विसरतो, म्हणून पुरावा हवा. रेकॉर्डिंगसाठी ‘जिब्री’ नावाचं वेगळं प्रकरण बसवावं लागतं. ते बिचारं स्वतः एक अदृश्य ब्राउझर उघडून मीटिंगला बसतं आणि दिसेल ते टिपून ठेवतं. एक जिब्री एका वेळी एकाच मीटिंगला बसू शकतं. दोन मीटिंगा असतील तर दोन जिब्री.

मुकादम ठेवण्याचाच हिशेब.

आणि दार? नुसतं बसवून सोडलेल्या जित्सीचं दार सताड उघडं असतं. पत्ता माहीत असलेला कुणीही आत येऊन खोली थाटू शकतो. दाराला कडी लावायची सोय आहे, पण ती आपण लावायची असते. शेठनी कडी लावली नाही आणि खोलीचं नाव ठेवलं ‘मीटिंग’. कल्पकतेला दाद द्यायला हवी. एका सकाळी ते आत शिरले, तर दोन अनोळखी माणसं तिथं मोशीच्या एका प्लॉटचा सौदा करत होती.

शेठ पाच मिनिटं गप्प बसून ऐकत राहिले. भाव चांगला होता.

हसू नका. ३१ मार्च २०२० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी आपल्या पहिल्यावहिल्या ऑनलाइन मंत्रिमंडळ बैठकीचा फोटो कौतुकानं जगाला दाखवला. फोटोत मीटिंगचा क्रमांकही होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांच्या खात्यावरून असाच एक फोटो गेला, त्यात पिनचे सहापैकी पाच आकडे. सहावा एका पत्रकारानं शोधला आणि गडी थेट युरोपच्या संरक्षणमंत्र्यांच्या गुप्त बैठकीत जाऊन हात हलवून आला.

२०२४ साली तर जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची क्षेपणास्त्रांवरची चर्चा रशियाच्या हाती लागली. एक अधिकारी सिंगापूरच्या हॉटेलातून बोलत होता. तिथल्या असुरक्षित लाइनवरून.

शेठचा निदान प्लॉटचा सौदा होता.

आपलं सरकारही झोपलं नव्हतं. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहखात्यानं सांगितलं, झूम सुरक्षित नाही, सरकारी कामाला वापरू नका. त्याच महिन्यात माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानं देशी व्हिडिओ मीटिंगसाठी स्पर्धा लावली. दोन हजारांच्या आसपास अर्ज आले. ऑगस्टमध्ये केरळातल्या अलप्पुळाची टेकजेन्शिया ही छोटी कंपनी जिंकली. तिचं ‘व्हीकन्सोल’. बक्षीस एक कोटी. टाळ्या झाल्या, बातम्या झाल्या.

गेल्या महिन्यात तुम्ही व्हीकन्सोलवर किती मीटिंगा केल्या?

मधल्या काळात जिओमीट आलं. ते बघून लोकांना झूमचीच आठवण झाली. स्वदेशीचा एक सोपा मार्ग असाही असतो.

बरं, आपल्याला हे जमत नाही असंही नाही. करोनाच्या कितीतरी आधी मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी देशभरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांमधल्या हजारो शिक्षकांना एकाच वेळी, समोरासमोर प्रश्न-उत्तरांसकट शिकवून दाखवलं. वापरलं होतं ‘ए-व्ह्यू’, अमृता विद्यापीठात घडलेलं. त्याच्याही आधी, अमेरिकेनं हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर दिला नाही, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ साली आपला ‘परम’ सुपरकॉम्प्युटर झाला.

नाकारलं की आपण करतो. दिलं की भाडं भरतो.

मग शेठच्या या खटाटोपात राम आहे की नाही? आहे. आणि तो चाळीस मिनिटांत नाही, पैशात तर नाहीच नाही.

२०२५ च्या जुलैमधली गोष्ट. युरोपीय संघानं नायरा एनर्जीवर निर्बंध लावले. वाडीनारला रिफायनरी असलेली ही भारतीय कंपनी, रशियाच्या रोसनेफ्टचा त्यात मोठा हिस्सा. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं कंपनीच्या ईमेल आणि टीम्सच्या सेवा अडवल्या. निर्बंध युरोपचे, सॉफ्टवेअर अमेरिकेचं, रिफायनरी गुजरातची, पैसे भरलेले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या.

भाडेकरूचं सामान रस्त्यावर यायला घरमालकाला भांडण लागतंच असं नाही. शेजाऱ्याचं भांडणही पुरतं.

दुसरं कारण आणखी जवळचं. एरवी मीटिंगला कुलूप असतं म्हणतात, ते वाटेवर असतं. पुलावर पोचलं की कुलूप निघतं आणि पुढच्या वाटेसाठी नवं लागतं. टोकापासून टोकापर्यंत एकच कुलूप लावायची सोय जित्सीत आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. म्हणजे पूल ज्याचा, त्याला मनात आणलं तर जाणाऱ्या गाड्यांमधला माल दिसू शकतो. आणि चाकणच्या वेंडरच्या गाडीत काय असतं? अजून बाजारात न आलेल्या मॉडेलचं ड्रॉइंग. रेट. रिजेक्शन किती झालं आणि कस्टमरला किती सांगितलं, यातला फरक.

हा शेवटचा आकडा तर बायकोलाही सांगत नाहीत.

तेव्हा पूल आपला असावा, हे शेठचं बरोबर. फक्त गंमत अशी, की पूल बांधून झाल्यावर कळलं, गाड्या त्यावरून जातच नाहीत. कारण मीटिंग कस्टमर लावतो आणि लिंकही कस्टमरच पाठवतो. टियर-टू वेंडरनं मोठ्या गाडीकंपनीच्या पर्चेसवाल्याला ‘साहेब, जरा आमच्या सर्व्हरवर या’ म्हणायचं? लाइन थांबली म्हणून डेबिट नोट पाठवणारा माणूस तुमची लिंक उघडेल? त्याच्या लॅपटॉपवर त्याच्या आयटीवाल्यांनी अनोळखी पत्ते आधीच बंद करून ठेवलेले असतात.

सर्व्हर शेठचा, मीटिंग साहेबांची.

उरल्या घरच्या मीटिंगा. प्लँट एक आणि प्लँट दोन. भोसरी आणि चाकणची खराबवाडी. मधले ट्रॅफिकचे दोन तास वाचले, तर सर्व्हरचा खर्च तिथंच निघतो. हा हिशेब खरा होता आणि पहिले तीन महिने तो जमलाही. सकाळी नऊला प्रॉडक्शनची मीटिंग, साडेनऊला संपायची. सुपरवायझर मशिनशेजारी उभा राहून कॅमेऱ्यात थेट जॉब दाखवायचा. कुणी खराबवाडीला जात नव्हतं, कुणी भोसरीला येत नव्हतं. मी स्वतः बघितलंय. बरं वाटलं.

मग एक्क्याण्णवावा दिवस उजाडला.

लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मुदत संपण्याआधी आपोआप नवं होतं. फक्त त्या संस्थेला ८० नंबरच्या पोर्टवर येऊन दार ठोठावावं लागतं. पोरानं मधल्या काळात ‘सेफ्टी’साठी ८० नंबर बंद करून टाकला होता. संस्था आली, दार ठोठावून गेली. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी नऊला सगळ्यांच्या पडद्यावर लाल इशारा, ही जागा सुरक्षित नाही.

सेफ्टीपायी.

पोराला फोन लावला. पोरगा आठवड्यापूर्वीच हिंजवडीला गेला होता, कायमचा, पगार दुप्पट. जाताना सगळ्यांना नमस्कार करून गेला. पासवर्ड कुणी मागितला नाही, त्यानं दिला नाही. पुढचा महिनाभर सर्व्हर स्टोअरमध्ये वॉटर कूलरशेजारी नुसता गुरगुरत राहिला. रोज त्याला उदबत्ती मात्र दाखवली जायची.

या पट्ट्याला देखभालीचं काय शिकवायचं? इथल्या भिंतीभिंतीवर टीपीएमचे, म्हणजे मशिनच्या देखभालीचे, चार्ट लावलेत. कुठल्या मशिनला कुठलं ऑइल, कधी बदललं, कुणी बदललं, सही. कॉम्प्रेसरला एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. जनरेटरला एएमसी, लिफ्टला एएमसी. सर्व्हरला? सर्व्हरला काय होतंय, त्याला कुठं हात-पाय आहेत!

नवल याचं वाटतं, की धडा जवळच होता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन परदेशातून आणत बसायचं नाही, आपलं आपण करायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं हात दिला. सरकारी मालकीची ही देशातली पहिली औषध कंपनी. तिच्याच नावानं पिंपरीत एच.ए. कॉलनी वसली. नव्वदच्या दशकात हाच कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला.

औषधाचा कारखाना, आणि आजारी.

आता कुणी म्हणेल, भाड्याचं घेतलं की हा त्रास नाही. नाही कसा? भाड्याच्या जागेत चोर येत नाहीत का? आणि स्वतःच्या जागेत चोर येतात, तेव्हा पोलिसात आपल्यालाच जावं लागतं. २०२१ च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. माहिती कुलूपबंद, किल्लीसाठी खंडणी. निगडी पोलिसांत गुन्हा दाखल झाला, पाच कोटींच्या नुकसानीचा आकडा सांगितला गेला.

शहर स्मार्ट होतं. चोरही होते.

चाकणच्या संग्रामदुर्गाला खंदक होता, तट होता, आणि आत फिरंगोजी नरसाळा होता. १६६० साली शाहिस्तेखान जवळजवळ दोन महिने बाहेर बसून राहिला, दरवाजा काही मिळाला नाही. शेवटी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग लावला, बुरूज उडाला. दरवाज्याकडे सगळे बघतात. सर्व्हरचंही तसंच. लाल इशारा दिसतो म्हणून प्रमाणपत्राची आठवण होते. अपडेट न केलेली जुनी आवृत्ती आणि ‘ॲडमिन१२३’ हा पासवर्ड खाली शांतपणे खणत असतात.

फिरंगोजीला निदान सुरुंग लागतोय हे माहीत नव्हतं. शेठना पासवर्ड माहीत होता.

असो. शेठनी शेवटी काय केलं ते सांगतो, कारण परवाच त्यांच्याकडे चहा झाला. आधी त्यांनी सर्व्हर विकायला काढला. भंगारवाल्यानं किलोचा भाव सांगितला, तो ऐकून विचार बदलला. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सॉफ्टवेअरला एएमसी दिली. चिखलीचा एक मुलगा, स्वतःचं छोटं दुकान, असेच दहा-बारा कारखाने बघतो. त्यानं सर्व्हर कूलरशेजारून उचलला, यूपीएसवर घेतला, खोल्यांना कडी लावली, ८० नंबर उघडला. कोणता पासवर्ड कुठं, हे कागदावर लिहून पाकीट शेठच्या तिजोरीत ठेवलं. अपडेट कधी, बॅकअप कधी, प्रमाणपत्र कधी संपतं, याचा तक्ता करून स्टोअरच्या भिंतीवर लावला. कॉम्प्रेसरच्या चार्टशेजारी. खाली सहीची जागा.

एएमसीचा आकडा शेठनी मला कुजबुजत सांगितला. तो झूमच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त आहे.

‘‘मग फुकट काय पडलं?’’ मी विचारलं.

‘‘पेढे,’’ शेठ म्हणाले. ‘‘ते चिरंजीवांनी आणले होते.’’

सकाळी नऊची मीटिंग पुन्हा सुरू झालीय. परवा खराबवाडीचा सुपरवायझर कॅमेऱ्यासमोर एक जॉब फिरवून दाखवत होता. बोअरच्या कडेला बर राहिलेली मला टेबलापलीकडून दिसली. शेठनी इथूनच लॉट थांबवला. कस्टमरकडे गेला असता तर परत आला असता, डेबिट नोटेसकट. त्या दिवशी सर्व्हरचा बहुतेक वर्षाचा खर्च निघाला, पण हे शेठना सांगू नका. ते दुसरा सर्व्हर टाकतील.

तुम्हालाही टाकायचा असेल, तर आधी तिघांना बसवून बघा. दोघांवर पेढे वाटू नका.

आणि शेठच्या सर्व्हरवर मीटिंग ठेवणार असाल, तर गुरुवार सोडून ठेवा. गुरुवारी चिखलीचा मुलगा अपडेट करायला येतो. लाइट असली तर.